संशोधन पारावर यावे

वैद्यकीय पदव्युत्तर विद्यार्थी खपून प्रबंध लिहितात, परीक्षकांपुढे मांडतात आणि मग तो ग्रंथालयाच्या कपाटात जातो. माझ्या मते, ज्यांच्या आजारावर अभ्यास झाला त्यांना तो त्यांच्या बोलीत सांगणे हाही उपचाराचाच भाग आहे.

उदाहरण वैरागच्या शेजारचेच घेऊ. बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयाने मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राच्या व परदेशी संस्थेच्या साहाय्याने तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास केला. विषय होता गर्भपिशवीच्या तोंडाचा कर्करोग. निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले.

विद्यार्थ्याने हे वैरागच्या महिलांपुढे कसे मांडावे? ‘एचपीव्ही चाचणीने मृत्यूचा सापेक्ष धोका ४८ टक्क्यांनी घटला’ असे म्हटले, तर कोणाला काय कळणार? मी असे सांगेन :

‘‘मावशी, हा रोग बहुधा एका विषाणूमुळे होतो. तो विषाणू आहे का, हे एका चाचणीत कळते. ही चाचणी ज्या गटाला देऊ केली, त्यात आठ वर्षांत हजारी एक बाई या रोगाने गेली. ज्या गटात अशी चाचणी नव्हती, तेथे हजारी दोन गेल्या.’’

मूळ आकडे ३४,१२६ मध्ये ३४ आणि ३१,४८८ मध्ये ६४ असे आहेत. ‘निम्मे मृत्यू टळले’ हे खरेच. पण ‘हजारी दोनऐवजी एक’ हेही सांगावे. नुसत्या टक्केवारीने भीती किंवा भाबडी आशा वाढते.

विद्यार्थ्यांनी आणखी दोन पथ्ये पाळावीत. रुग्णाचे नाव-गाव कळेल असे काही बोलू नये. आणि विषाणू सापडला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे, पुढील तपासणी लागते, हे आवर्जून सांगावे.

वाचकहो, कोणी संशोधनाचा दाखला दिला की तीन प्रश्न विचारा : किती माणसांवर अभ्यास झाला? तुलना कोणाशी केली? किती वर्षे पाहिले?

तिशी ओलांडलेल्या भगिनींनी त्रास नसला तरी या तपासणीविषयी डॉक्टरांना विचारावे. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, संबंधानंतर रक्त जाणे किंवा अंगावरून दुर्गंधीयुक्त पाणी जाणे, यांपैकी काहीही असल्यास लाज बाळगू नये; लगेच तपासून घ्यावे.