रान राखायला निघालेल्या लेकराला

लेकरा, रानाची सेवा करायचं ठरवलंस, बरं वाटलं. राज्यात सगळ्यांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपल्या परभणीची गणती होते. त्यामुळं सोनपेठच्या माणसाचं रान म्हणजे गायरान, ओढ्याचा काठ, शेताचा बांध, देवळामागचा माळ आणि गोदेची दरड. ते थोडं आहे, म्हणूनच जपायचं. चार गोष्टी सांगायला बसले की दहा होतात, तेवढं सोसून घे.

१. आधी विचार, मग कुदळ उचल. गायरान असेल तर ग्रामपंचायत, वनखात्याची जागा असेल तर वनरक्षक — न विचारता लावलेल्या झाडाला पालवीआधी भांडण फुटतं.

२. खड्डे वैशाखातच खणून ठेव — उन्हानं माती तापून कीड मरते, आणि पाऊस पडल्यावर आपली काळी माती फावडं सोडत नाही.

३. मृगाच्या पहिल्या सरीला भुलू नकोस, दोन चांगले पाऊस होऊन वीतभर ओल गेली की मगच रोप लाव — आपल्याकडचा पाऊस तोंड दाखवून पंधरा-पंधरा दिवस दडी मारतो.

४. कडुनिंब, करंज, चिंच, बोर, हिवर, बाभूळ लाव — दुष्काळ यांच्या ओळखीचा आहे, आणि सुगरण आपला खोपा बाभळीलाही टांगते. काट्याला नाक मुरडलं, तर पाखरू कुठं उतरलं?

५. रोपाची पिशवी ब्लेडनं चिरून काढ, तळाशी गोल गुंडाळलेली मुळं हलक्या हातानं मोकळी कर आणि पिशवी खिशात घाल — पिशवीसकट पुरलेलं झाड वाढत नाही, नुसतं उभं राहतं.

६. रोपाभोवती बोराटीचं कुंपण कर, पण शेळ्या राखणाऱ्या आजीवर डाफरू नकोस; तिला चहा पाज आणि रोपं दाखवून ठेव — तू आठवड्यातून एकदा येणार, ती रोज तिथंच असते.

७. आळ्यात उसाचं पाचट अंथर — काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगांतून ओल उडते आणि कोवळी मुळं तुटतात.

८. पाणी आठवड्यातून एकदाच, पण पोटभर घाल — रोजच्या घोटभर पाण्यानं मुळं वरच्यावर राहतात आणि पहिल्याच मे महिन्यात रोपं माना टाकतात.

९. गाजरगवत फुलायच्या आत उपट, आणि हातात मोजे घालून — फुललं की एकेक झुडूप हजारो बिया उधळतं, अंगाला खाज सुटते ती वेगळीच.

१०. माळावरचं वाळलं गवत कुणाला पेटवू देऊ नकोस, बिडीचं थोटूकही विझवून टाकायला सांग — टिटवी अंडी घालते ती उघड्या जमिनीवर. वणवा दिसला तर वनखात्याचा १९२६ हा नंबर फिरव. एकट्यानं शूरपणा नको.

११. गवतात हरणाचं पाडस एकटं दिसलं तर उचलू नकोस, मोबाईल घेऊन जवळही जाऊ नकोस — आई त्याला लपवून चरायला गेलेली असते, माणसं हटली की येते. माया असावी, पण हात मागे बांधून.

१२. जमलं तर बीडजवळच्या पालवणला जाऊन ये. अभिनेते सयाजी शिंदे यांच्या सह्याद्री देवराई संस्थेनं तिथल्या उघड्या डोंगरावर झाडं वाढवली, २०२० च्या फेब्रुवारीत तिथं वृक्षसंमेलनही भरलं. तिथं गेल्यावर झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाशी बोल — भाषणात सुटलेलं सगळं त्याला ठाऊक असतं.

१३. रोप लावताना फोटो काढायचा तर खुशाल काढ, पण पुढच्या मे महिन्यात त्याच जागी दुसरा काढ — पहिला फोटो हौसेचा, दुसरा हिशोबाचा. लावणं एका दिवसाचं असतं, जगवणं तीन उन्हाळ्यांचं. तेव्हा जेवढ्यांना पाणी घालणं होईल, तेवढीच रोपं हातात घे.