गोड्या पाण्यातील मीठ

नायगावच्या मुलाने बर्फ पाहिलेला असतो तो बहुधा कुल्फीवाल्याच्या मडक्यात. त्या बर्फावर जाडे मीठ टाकलेले असते, हेही त्याच्या नजरेतून सुटत नाही. शिक्षकांनी पाठाचा आरंभ येथूनच करावा. मिठाने बर्फ वितळतो, आणि ते खारे पाणी शून्य अंशाखाली गेले तरी गोठत नाही. म्हणूनच आतील कुल्फी गोठते. हाच गुण ओळखून अमेरिका, कॅनडा आदी थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. हिम वितळते, वाहने घसरत नाहीत, माणसांचे प्राण वाचतात. तेव्हा या उपायाची नुसती निंदा करून पाठ शिकवू नये.

मग ते मीठ जाते कोठे? हा प्रश्न मुलांनाच विचारावा. पालापाचोळा कुजतो, मीठ कुजत नाही. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. ते ओढ्यात उतरते, काही जमिनीत मुरून झऱ्यांवाटे पुन्हा ओढ्यास मिळते. म्हणून कित्येक ओढ्यांत उन्हाळ्यातही त्याचे प्रमाण चढेच राहते. अमेरिकेने १९८८ साली ठरविलेल्या मर्यादेप्रमाणे गोड्या पाण्यात क्लोराइड दीर्घकाळ लिटरमागे २३० मिलिग्रॅमहून अधिक असू नये. म्हणजे लिटरभर पाण्यात जेमतेम चिमूटभर मीठ! वर्गात ते मिसळून दाखवावे. माणसाच्या जिभेला ते पुसटसेच जाणवेल. पण त्याहून अधिक मीठ सतत राहिले तर पाणपिसवांसारख्या चिमुकल्या जीवांस ते बाधते, आणि माशांच्या पिलांचे अन्न तेच जीव होत. तळ्यात तर खारे पाणी जड म्हणून तळाशी बसते, वरच्या पाण्यात मिसळत नाही, व तळाला प्राणवायू पोहोचेनासा होतो.

मराठवाड्यात रस्त्यांवर मीठ पडत नाही. परंतु पाण्याला वाट नसली की क्षार साचतात, याचा दाखला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. लोणारच्या काठावरील धारेचे पाणी गोडे. तेच खाली सरोवरात उतरते. तेथून बाहेर पडणारा ओढा नाही. पाणी उन्हाने उडते, क्षार मागे राहतात. जून २०२० मध्ये पाणी घटून खारेपणा वाढला, तेव्हा क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे सरोवर गुलाबी दिसू लागले. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टाही मुलांना नकाशावर दाखवावा. तेथे भूगर्भातच पाणी खारे असल्याने कित्येक विहिरी भरलेल्या असूनही शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत.

प्रयोगासाठी दोन सारख्या बशा घ्याव्या. एकीत गावच्या विहिरीचे व दुसरीत तेवढेच पावसाचे पाणी घालून त्या उन्हात ठेवाव्या. पाणी उडाल्यावर विहिरीच्या बशीत पांढुरका थर दिसेल. विहिरीच्या पाण्याचा हाच प्रयोग चैत्रात, पाणी खोल गेल्यावर, पुन्हा करावा आणि दोन्ही वेळचे थर मुलांनी ताडून वहीत नोंदवावे.