पैठणक्षेत्री गेल्यावर

नाथषष्ठी जवळ आली की वारकरी मंडळी आम्हांस विचारतात, "बुवा, पैठणास निघालोय, काय काय पाहावं?" आम्ही म्हणतो, बाबांनो, पाहायला पुष्कळ आहे, पण क्षेत्र पाहणे निराळे आणि क्षेत्र करणे निराळे. गाडीतून उतरायचे, समाधीवर डोके टेकवायचे, पोरांना उद्यानात फिरवून आणायचे आणि दिवे लागायच्या आत परत फिरायचे, अशाने पैठण पाहून होते, करून होत नाही. त्यासाठी एक पुरता दिवस द्यावा, आणि नागघाट, नाथांचा वाडा व समाधी ही तीन ठिकाणे याच क्रमाने, पायी करावीत. क्रमाचा आग्रह का, ते ओघात येईलच.

पैठण म्हणजे जुने प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. त्या कुळातील हाल राजाच्या नावावर 'गाथासप्तशती' हा प्राकृत गाथांचा संग्रह आहे. गंमत पाहा! ज्या नगरीच्या राजाने प्राकृत बोल मोलाचे म्हणून वेचून ठेवले, त्याच नगरीत पुढे शास्त्री-पंडितांना प्राकृत हलके वाटू लागले. पैठणचा सगळा धडा या एका गोष्टीत आहे म्हणा ना.

सकाळी प्रथम नागघाटावर जावे. पैठणकर गोदेला गंगाच म्हणतात. त्या गंगेत स्नान करून पायरीवर थोडे बसावे. शुद्धिपत्रासाठी ही चार भावंडे येथील ब्रह्मसभेपुढे उभी राहिली आणि माउलींनी रेड्यामुखी वेद वदविले, ती कथा आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे. ती येथे उगाळीत नाही. विचार एवढाच करावा, की त्या प्रसंगी आपण कोणीकडे उभे असतो? कथा ऐकताना जो तो मनाने माउलींच्या शेजारी जाऊन उभा राहतो. फार सोपे आहे ते! आम्ही तर बाळपणापासून रूपावली आणि कौमुदी घोकलेले. आमच्यासारख्याची जागा त्या दिवशी सभेतच असती, हातात पोथी धरून, "निष्कृती नाही" असे सांगणारांत. ते पंडित काही दुष्ट नव्हते. ग्रंथात जे दिसले ते त्यांनी सांगितले. समोर चार पोरकी लेकरे उभी आहेत, हे मात्र त्यांना दिसले नाही.

तेथून गावातील नाथमंदिरात, म्हणजे नाथांच्या राहत्या वाड्यात यावे. देवघरातील विजयी पांडुरंगाचे दर्शन घ्यावे. श्रीखंड्याच्या रूपाने देवाने बारा वर्षे पाणी वाहिले तो रांजण येथेच आहे. मंडळी रांजणाला हात लावतात आणि निघतात. आम्ही म्हणतो, येथे बसून हरिपंडितांची गोष्ट एकमेकांना सांगावी, कारण ती अलीकडे कीर्तनात कमी ऐकू येते.

हरिपंडित हे नाथांचे चिरंजीव, मोठे व्युत्पन्न. वडील प्राकृतात पुराण सांगतात आणि कोणाकडेही जेवतात, हे त्यांना रुचेना. ते रुसून काशीस गेले. नाथ समजूत घालायला गेले तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या : प्राकृत सांगायचे नाही, परान्न घ्यायचे नाही. नाथांनी मान्य केले. पोथी मुलगा सांगू लागला, आणि श्रोते हळूहळू पांगले. पुढे एक गरीब म्हातारी आली. सहस्रभोजनाचा तिचा संकल्प राहून गेला होता. एका नाथांना जेवू घातले म्हणजे तो पुरा होईल, अशी तिची श्रद्धा. हरिपंडितांनी स्वतः स्वयंपाक केला. जेवणानंतर वडिलांची पत्रावळ उचलली तो खाली दुसरी, ती उचलली तो तिसरी. अशा हजार भरल्या! तेव्हा पंडितांचा ताठा उतरला आणि वाड्यात पुन्हा मराठी पुराण सुरू झाले.

बाप-लेकांच्या या तंट्यात नाथांनी मुलाला एकदाही हिणवले नाही. ज्याने भागवताच्या एकादश स्कंधावर १८,००० हून अधिक ओव्यांची टीका लिहून शके १४९५ (इ.स. १५७३) मध्ये काशीत पुरी केली, शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, त्याला मुलाशी वाद करता आला नसता काय? पण नाथ गप्प बसले. ज्यांच्या घरी शिकलेली मुले आता आईबापांचे भजन ऐकून नाक मुरडतात, त्यांनी या वाड्यात दोन घटका जास्त बसावे.

याच वाड्यात श्राद्धाचे अन्न नाथांनी दारावरल्या अंत्यज म्हटल्या गेलेल्या भुकेल्यांना आधी वाढले. तेव्हा पैठणात कोठेही पंगतीस बसलात तर शेजारच्याचे आडनाव विचारू नका. स्पष्टच सांगतो, टाळ गळ्यात घालून ही चौकशी करणारे आम्ही पाहिले आहेत.

मग ऊन कलल्यावर समाधीकडे जावे. वाटेत वाळवंट लागते. भर दुपारी तापल्या वाळूत रडणारे पोर नाथांनी कडेवर घेतले ते गंगेच्या याच काठी. आता नदीचे रूप पालटले आहे. वरच्या अंगाला जायकवाडीचे धरण आहे; १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये ते पुरे झाले. नाथसागराच्या पाण्याने मराठवाड्याची शेते भिजली, आणि कितीतरी गावे त्याच पाण्याखाली गेली. त्यांचीही आठवण असू द्यावी. धरणाखाली पाणी किती, हे सोडण्यावर अवलंबून. म्हणून दरवाजे उघडल्याची सूचना असेल तर घाटावर लेकरे नेऊ नयेत. साबण, निर्माल्य, पत्रावळी गंगेत टाकू नयेत.

समाधीपाशी मागणे मागत बसू नये, नामस्मरण करावे. शके १५२१ च्या फाल्गुन वद्य षष्ठीस नाथांनी येथे गोदेत देह ठेवला. षष्ठीस गेलात तर अष्टमीचा काला घेतल्याशिवाय निघू नका. तीन दिवसांची शिदोरी बांधूनच जा. गर्दी सोसत नसेल त्यांनी ज्येष्ठ वद्य सप्तमीस पालखीच्या प्रस्थानाला जावे, किंवा साध्या दिवशी.

पैठणी घेणे झाले तर मागावर बसलेला विणकर आधी पाहावा, मग भाव करावा. आणि सवड उरली तर माउलींच्या पूर्वजांचे आपेगाव याच तालुक्यात, गोदेकाठीच आहे. तेथे सकाळच्या वेळी जावे, म्हणजे शांतपणे हरिपाठ म्हणता येतो.