पीआर मिळाला, निघायचं कधी?

प्रश्न : कॅनडाचा पीआर (कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना) मंजूर झाला आहे. मुलगी आठवीत आहे. लगेच जावं की वर्षभर थांबावं?
– एक वाचक, शिरोळ

उत्तर : मनापासून अभिनंदन! आधी मंजुरीपत्रावरची अंतिम तारीख पाहा. ती बहुधा वैद्यकीय तपासणीपासून वर्षभराची असते आणि सहसा वाढवून मिळत नाही. त्याआधी कॅनडात उतरणं बंधनकारक आहे. पुढे दर पाच वर्षांत किमान 730 दिवस तिथे राहावं लागतं. म्हणून तारीख जवळ आली असेल, तर एकदा जाऊन नोंद करून परत येता येतं. बिऱ्हाड नंतर हलवा. मात्र मागाहून न्यायच्या सामानाची, दागिन्यांसह, यादी पहिल्याच प्रवेशावेळी द्या.

मुदत पुरेशी असेल तर वार्षिक परीक्षेनंतर, जूनअखेरपर्यंत निघा. तिथल्या शाळा सप्टेंबरच्या सुरुवातीला भरतात, त्यामुळे घर आणि प्रवेशाला वेळ मिळेल. जुलै-ऑगस्टचं तिकीट टाळा. 2019 आणि 2021च्या महापुरात आपल्याकडचे रस्ते, महामार्गही बंद पडले होते. शाळेचा दाखला, गुणपत्रिका, लसीकरणाच्या नोंदी इंग्रजीत करून हातातल्या बॅगेतच ठेवा.

नोकरी सोडण्याआधी किमान सहा महिन्यांचा खर्च गाठीशी हवाच.