झोपेचे घड्याळ

रविवारी उशिरा उठलात, की त्या रात्री लवकर डोळा लागत नाही आणि सोमवारी वर्गात डुलक्या येतात. असे का होते?

द मेराँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवले. ऊन नसतानाही त्याची पाने दिवसा उघडत व रात्री मिटत. म्हणजे सजीवांच्या अंगातच घड्याळ असते. माणसाच्या घड्याळाचा फेरा सरासरी २४ तासांहून किंचित मोठा असल्याने ते रोज काही मिनिटे मागे पडते. ते जुळवण्याचे काम प्रकाश करतो. सकाळचा प्रकाश घड्याळ पुढे सरकवतो, रात्रीचा मागे रेटतो. डोळ्यातील ज्या पेशी ही खबर मेंदूला देतात, त्या सुमारे ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या निळ्या प्रकाशाला विशेष दाद देतात. मोबाइलच्या पडद्यातून हा प्रकाश बराच येतो. रविवारी तर सकाळचा प्रकाशच चुकतो!

म्हणून सुट्टीतही ठरल्या वेळी उठा व थोडा वेळ अंगणात किंवा गच्चीवर काढा. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल दूर ठेवा, दिवे मंद करा. संध्याकाळी चहा टाळा. शरीरातील कॅफीन निम्मे व्हायला साधारण ५ तास लागतात. तुमच्या वयात ८ ते १० तास झोप हवी. वाचलेले स्मरणात पक्के होण्याचे काम झोपेतही चालते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागून तेच आपण गमावतो.

आता एक प्रयोग. पहिला आठवडा नेहमीप्रमाणे वागा, दुसरा या नियमांनी. रोज निजण्याउठण्याच्या वेळा वहीत टिपून आलेख काढा आणि दोन्ही आठवडे ताडून पाहा.