तालमीतला फुटबॉल आणि आपली शाळा



परिसर अभ्यासाच्या तासाला आपण मुलांना गावचे देऊळ, तळे, जुना वाडा दाखवितो. या वस्तू जागच्या जागी उभ्या असल्याने त्यांचा पाठ घेणे सोपे असते. खेळाचा वारसा मात्र माणसांच्या आठवणीत राहतो, आणि माणूस गेला की त्याच्याबरोबर जातो. आपल्या जिल्ह्यातील हौशी फुटबॉलची स्थिती आज अशीच आहे, म्हणून त्याविषयी काही लिहीत आहे.

कोल्हापूरचे नाव कुस्तीशी जोडलेले आहे आणि ते योग्यच आहे. १९१२ साली पूर्ण झालेले खासबागेतील मैदान त्याची साक्ष देते. परंतु ज्या तालमींनी मल्ल घडविले, त्याच तालमींच्या नावाने पुढे फुटबॉलचे संघ उभे राहिले, ही गोष्ट अन्यत्र क्वचितच आढळेल. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम ही नावे बाहेरच्या माणसाला आखाड्याची वाटतात. येथील मुलाला ती फुटबॉलची वाटतात! शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब हे संघही त्याच मातीतले. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या विद्यमाने शाहू स्टेडियमवर साखळी सामने होतात आणि पेठांतील आबालवृद्ध ते पाहावयास लोटतात.

या खेळाचा आधार पेठ हा होता. खेळाडू दिवसा कारखान्यात, दुकानात वा कचेरीत राबे आणि सायंकाळी मैदानावर येई. बूट, चेंडू, प्रवासखर्च यांची तजवीज वर्गणीतून होई. अलीकडील वर्षांत काही संघांतून परप्रांतीय व परदेशी खेळाडूही खेळले आहेत. त्याने खेळ वेगवान झाला, हे मान्य करावे लागेल. परंतु पेठेतील होतकरू मुलाला संधी किती उरते, हा प्रश्नही रास्त आहे. दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. चुरशीचे पर्यवसान कधी कधी हुल्लडबाजीत होते आणि मुले खेळाचे नियम शिकण्यापूर्वी वैर शिकतात. हा भाग पाठातून वगळू नये. वारसा सांगताना केवळ गोडवे गावयाचे, ही आपली सवय बरी नव्हे.

‘हे सारे शहराचे, आमच्या खेड्यातील शाळेचा त्याच्याशी काय संबंध?’ असे कोणी विचारील. खेड्यातूनही शहरात कामास गेलेली माणसे तेथे खेळली असतील, निदान कठड्यावर बसून सामने पाहिले असतीलच. त्यांचा शोध घेणे हाच पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी उत्तम उपक्रम होय.

मुलाखतीस जाण्यापूर्वी मुलांकडून प्रश्न लिहून घ्यावेत. ‘तुम्ही चांगले खेळत होता का?’ या प्रश्नाने काही हाती लागत नाही. ‘तुम्ही कोणत्या जागी खेळत होता? पायात बूट होते काय? चेंडू फाटला तर कोण शिवून देई? सामना हरल्यावर घरी कोण काय म्हणे?’ असे विचारावे. मग वृद्ध माणूस आपोआप बोलू लागतो. सन आठवत नसेल तर घाई करू नये. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी झाला, मोठा दुष्काळ १९७२ साली पडला. सामना त्याच्या आधीचा की नंतरचा, एवढे विचारले तरी काळ बराचसा निश्चित होतो. एकाच सामन्याविषयी दोघांनी भिन्न गोष्टी सांगितल्या, तर दोन्ही लिहून ठेवाव्यात. कोणाचे खरे, याचा निवाडा आपण करू नये. इतिहासाचे साधन म्हणजे काय, हे मुलांना यातूनच कळते.

छायाचित्रे व कागद यांबाबत विशेष काळजी हवी. २०१९ व २०२१ च्या महापुरांत नदीकाठच्या अनेक घरांतील कागदपत्रे भिजून गेली. जे उरले आहे ते जपलेच पाहिजे. संघाचे छायाचित्र चौकटीतून काढू नये. जागेवरच भ्रमणध्वनीने त्याची प्रत घ्यावी. डावीकडून उजवीकडे क्रमाने नावे विचारून ती वहीत लिहावीत, मूळ छायाचित्राच्या पाठीवर शाईने कधीही लिहू नये. अनामिक चेहऱ्यांचे छायाचित्र दहा वर्षांनी कोणाच्याच उपयोगाचे राहत नाही.

खेळही झाला पाहिजे. नुसत्या वहीने फुटबॉल जगत नाही. पूर्ण मैदान नसेल तर पाच-पाच मुलांचे संघ करावेत, गोलासाठी दोन काठ्या पुरतात. लहान मुलांना तीन नंबरचा, थोड्या मोठ्यांना चार नंबरचा चेंडू द्यावा. पाच नंबरचा मोठ्यांचा चेंडू त्यांच्या पायास जड जातो. संघ वाडीवार किंवा भावकीवार पाडू नयेत, हजेरीपटाच्या क्रमाने पाडावेत. मुलींना ‘पाहावयास बसा’ असे सांगणारे शिक्षक अजूनही भेटतात. त्यांना एवढेच सांगतो की सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा २०२२ साली आपल्याच देशात झाली आणि तिचे काही सामने नवी मुंबईत खेळले गेले. मुलांच्या २०१७ च्या तशाच स्पर्धेत भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव हा कोल्हापूरचाच.

ज्या संस्थानात १९१७ साली राजर्षी शाहू छत्रपतींनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेथील शाळांस हे काम परके वाटू नये. मुलाखतींची वही शाळेच्या दप्तरी स्वतंत्र ठेवावी, तिच्यावर सांगणाऱ्याची संमती व तारीख नोंदवावी आणि एक प्रत त्याच्या घरी मुलांच्याच हस्ते पोहोचवावी.