ढाल, नाव आणि काच

मूर्ती सोडून जे प्रभू येशूकडे आले आहेत त्यांच्यापुढे दोन प्रश्न वारंवार येतात. एक असा की, उपासनामंदिराच्या खिडकीत किंवा भिंतीवर चित्र असावे की नसावे. दुसरा असा की, ज्याने मंदिरास बाक, घंटा किंवा दिवा दिला त्याचे नाव त्या वस्तूवर घालावे की घालू नये. पहिल्या प्रश्नावरून मंडळीत वाद होतात. दुसऱ्यावरून, खरे सांगावयाचे तर, भांडणे होतात. सुमारे ५०० वर्षांपूर्वी स्वित्झर्लंड देशातील झुरिक शहरी हे दोन्ही प्रश्न एकाच वस्तूत येऊन मिळाले होते. ती वस्तू म्हणजे रंगीत काचेचे लहानसे तावदान, ज्यावर देणाऱ्याची ढाल व पवित्र शास्त्रातील चित्र ही दोन्ही असत.

ढाल म्हणजे काय हे प्रथम समजून घेऊ. युरोपात लढाईच्या वेळी योद्ध्याचे तोंड शिरस्त्राणाने झाकलेले असे. म्हणून तो कोण हे कळावे यासाठी त्याच्या ढालीवर खूण रंगवीत. कोणाचा सिंह, कोणाचा गरुड, कोणाचा नुसता तिरका पट्टा. पुढे ती खूण बापाकडून मुलाकडे जाऊ लागली आणि घराण्याची निशाणी होऊन बसली. शहरांसही अशा ढाली असत. झुरिकची ढाल तिरकी विभागलेली, अर्धी पांढरी व अर्धी निळी आहे. इस्राएल लोक अरण्यात आपापल्या घराण्याच्या निशाणापाशी तळ देत, हे गणना २:२ येथे आपण वाचतोच. स्वित्झर्लंडात विशेष हे की, ढाल धारण करण्यास सरदार असावे लागत नसे. शेतकऱ्याने आपल्या ढालीवर नांगराचा फाळ घातला, खाटकाने कुऱ्हाड घातली, तरी कोणी त्यास अडवीत नसे.

त्या काळी खिडकीस काच लावणे मोठ्या खर्चाचे काम होते. पुष्कळ घरांत खिडकीवर तेल पाजलेला कागद किंवा कापडच ताणलेले असे. म्हणून कोणी नवे घर, उतारशाळा किंवा सभागृह बांधले म्हणजे मित्रांनी, कारागिरांच्या संघाने अथवा सरकारने त्यास खिडकी भेट द्यावी, आणि तीत देणाऱ्याची ढाल बसवावी, अशी रीत पडली. बाडेन गावी स्विस प्रांतांचे प्रतिनिधी जेथे सभेस जमत त्या सभागृहाकरिता झुरिकचा कारागीर लूकास त्साइनर याने १५०१ साली प्रांतांच्या ढालींची तावदाने केली. ती फार प्रसिद्ध आहेत.

ही काच कशी करीत हेही ऐकण्याजोगे आहे. प्रथम कागदावर चित्र पूर्ण मापाने काढीत. मग रंगीत काचेचे तुकडे त्याबरहुकूम कापून, तांब्याच्या किंवा लोखंडाच्या गंजाची पूड व काचेची पूड एकत्र खलून केलेल्या काळ्या रंगाने त्यांवर डोळे, केस, वस्त्रांच्या चुण्या रेखीत. पिवळा रंग हवा असल्यास काचेच्या पाठीमागे रुप्याचे मिश्रण लावीत. नंतर तुकडे भट्टीत घालीत, म्हणजे रंग काचेत पक्का बसे. तांबडी काच बहुधा अखंड तांबडी नसे. पांढऱ्या काचेवर तांबडा पातळ थर असे, आणि तो खरवडून काढला की तांबड्या ढालीवर पांढरी खूण उमटे. शेवटी सर्व तुकडे शिशाच्या पट्ट्यांत बसवून सांधे डाखाने जोडीत. बाहेरून पाहिले तर असे तावदान काळवंडलेले दिसते; सूर्य पलीकडे असला म्हणजेच ते बोलू लागते.

आता पहिला प्रश्न. उल्रिख झ्विंग्ली हा १५१९ साली झुरिकच्या मोठ्या मंदिरात उपदेश करू लागला. त्याच्या शिकवणीचा परिणाम असा झाला की, १५२४ साली नगरसभेच्या हुकुमाने शहरातील मंदिरांतून मूर्ती व चित्रे काढून टाकण्यात आली. मग खिडक्यांतील चित्रांचे काय? ह्याविषयी त्याने १५२५ साली जे उत्तर लिहिले ते आम्हांस फार शहाणपणाचे वाटते. शार्लमेन राजाच्या दोन मूर्ती त्या मंदिरास होत्या. एक आत होती व तिला लोक इतर मूर्तींप्रमाणे मान देत, म्हणून ती काढली. दुसरी उंच बुरुजावर होती, तिला कोणी भजत नसे, म्हणून ती तशीच राहू दिली. खिडकीतल्या चित्रांविषयीही त्याचे मत असेच होते, कारण खिडकीपुढे कोणी गुडघे टेकीत नाही.

पितळी सर्पाची गोष्ट येथे आठवावी. तो परमेश्वराच्या आज्ञेने मोशेने केला (गणना २१), आणि हिज्कीया राजाने तो फोडला (२ राजे १८:४). सर्प तोच होता. मधल्या काळात लोक त्यास धूप जाळू लागले होते. तेव्हा ज्या ख्रिस्ती घरात प्रभूच्या चित्रास हार घालतात व सणाच्या दिवशी उदबत्ती ओवाळतात, त्या घरातील चित्र बुरुजावरच्या मूर्तीसारखे आहे की आतल्या, ह्याचा घरधन्याने आपल्याशी निवाडा करावा. मुलांस उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना जे चित्र हाती घेतो त्याविषयी आमची काही तक्रार नाही.

झुरिकच्या कारागिरांनी पुढे हेच केले. संतांच्या आकृती मागे पडल्या, आणि शलमोनाचा न्याय, अब्राहामाचा यज्ञ, चांगला शोमरोनी अशी चित्रे घराघरांच्या खिडक्यांत आली. क्रिस्टोफ मुरेर (१५५८–१६१४) हा ह्या कामी फार नावाजलेला होता.

परंतु दुसरा प्रश्न मूर्ती काढल्याने सुटला नाही, उलट तो अधिकच उघडा पडला. पुष्कळ तावदानांत ढाल मधोमध, भली मोठी, पिसांच्या तुऱ्यासह असते. खाली नाव व साल. आणि शास्त्रातील प्रसंग वरच्या दोन कोपऱ्यांत बोटभर जागेत दाटून बसविलेला असतो. दुसऱ्या काही तावदानांत शास्त्रातील चित्राने सगळी काच व्यापलेली असते, आणि पती व पत्नी यांच्या दोन लहान ढाली पायथ्याशी शेजारी शेजारी असतात. कारागीर तेच, काच तीच. जागा कोणास किती दिली एवढाच भेद.

शेतकऱ्यांची तावदाने आम्हांस ह्या सर्वांत अधिक आवडतात. त्यांत शेतकरी हत्यारबंद उभा, त्याची बायको त्याला पेला देत आहे, आणि वरच्या पट्टीत बहुधा नांगरट चाललेली असते. ह्यात डौल आहे, नाही असे नाही. तरी नांगराची लाज वाटू न देणारा तो डौल आहे.

नाव लिहिणेच पाप आहे असे शास्त्र म्हणत नाही. अहरोनाच्या खांद्यांवरील दोन रत्नांवर बारा नावे कोरलेली होती (निर्गम २८:९–१२). पण ती कशी, हे नीट पाहा: एका रत्नावर सहा, दुसऱ्यावर सहा, जन्माच्या क्रमाने; कोणाचे मोठे नाही, कोणी वेगळा काढलेला नाही; आणि ती परमेश्वरासमोर स्मरणार्थ होती. मत्तय ६:१–४ ह्या वचनांत ज्या दानाची निंदा आहे ते माणसांनी पाहावे म्हणून केलेले दान होय.

सतराव्या शतकाच्या अखेरीस ही कला उतरणीस लागली. पुढे पुष्कळ तावदाने काढून विकण्यात आली व परदेशी संग्राहकांकडे गेली. १८९८ साली उघडलेल्या झुरिकच्या राष्ट्रीय संग्रहालयात त्यांचा मोठा साठा आहे. तेथे पाहणारे लोक उधळ्या पुत्रास लगेच ओळखतात. खालच्या ढाली कोणाच्या, हे मात्र त्यांना भिंतीवरील चिठ्ठी वाचून कळते.

धर्मशिक्षकांनी रविवारच्या सायंकाळच्या वर्गात निर्गम २८ मधील वरील वचने व मत्तय ६ चा आरंभ एकामागून एक वाचून घ्यावा, आणि मंडळीतील बाक, घंटा व दिवे यांवर जी नावे आहेत ती ह्या दोहोंपैकी कोणत्या उताऱ्यास धरून आहेत, हे लोकांस आपसांत बोलू द्यावे.